श्रीलंकेची वनसृष्टी आणि आपले अंगण

वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण



कार्यकारिणीने या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आमचे नाव सुचविले तेव्हा आम्ही जरा बिचकलोच. आम्ही वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि गेली बावीस वर्षे बँकेत कारकुनी करीत आहोत. आमचा सारा दिवस व्हाउचर, सह्या आणि शिक्के यांत जातो. परंतु २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या संस्थेचे आम्ही चौदा सभासद श्रीलंकेच्या धम्मयात्रेला गेलो होतो, हे आपणांस ठाऊक आहे. ज्या देशात १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने गेले होते, तो देश पाहावा ही आमची जुनी इच्छा होती. स्तूप आणि विहार पाहायला गेलो होतो. पण परतल्यावर मनात घर करून राहिली ती तिथली झाडे, पक्षी आणि हत्ती. म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले.

हा विषय धम्माच्या व्यासपीठावर कशाला, असे कुणाला वाटेल. त्यांना एवढीच आठवण द्यायची की आपण ज्या वर्षावासात एकत्र जमतो, त्या वर्षावासाचा नियमच मुळी पावसात उगवणारी हिरवळ आणि बारीकसारीक जीव भिक्खूंच्या पायाखाली तुडवले जाऊ नयेत, अशी लोकांनी तक्रार केल्यावरून झाला, असे विनयपिटकात सांगितले आहे. म्हणजे आजची आपली ही सभासुद्धा एका अर्थी गवताच्या पात्यामुळे भरलेली आहे.

आता मिहिंतलेची कथा सांगतो. अनुराधापूरच्या पूर्वेला सुमारे तेरा किलोमीटरवर हा डोंगर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ज्येष्ठ पौर्णिमेला राजा देवानंपिय तिस्स तिथे शिकारीला गेला होता. हरणाचा पाठलाग करता करता तो सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र थेर यांच्यासमोर येऊन उभा राहिला. थेरांनी राजाला आरंभीच उपदेश केला नाही. त्याची बुद्धी पारखण्यासाठी त्यांनी जवळच्या एका झाडाबद्दल विचारले. हे कोणते झाड? राजा म्हणाला, आंबा. याखेरीज आणखी आंबे आहेत काय? पुष्कळ आहेत. आंब्याखेरीज दुसरी झाडे आहेत काय? तीही पुष्कळ आहेत. मग ते सगळे आंबे आणि ती सगळी दुसरी झाडे सोडली, तर आणखी कोणते झाड उरते? राजाने उत्तर दिले की हाच समोरचा आंबा उरतो. थेरांना कळले की हा माणूस शहाणा आहे, याला धम्म समजेल.

त्या जागेला आजही अंबस्थल म्हणतात. तिथे स्तूप आहे. आजूबाजूचा परिसर प्राचीन काळापासून प्राण्यांसाठी अभय म्हणून राखला गेला, आणि जगातील सर्वांत जुन्या अभयारण्यांत मिहिंतलेचे नाव अभिमानाने घेतले जाते. पायऱ्या चढून धाप लागली होती, तरी ही कथा ऐकताना आम्ही पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीचा विचार करीत होतो. सगळे आंबे आणि सगळी झाडे यांविषयी बोलणे सोपे आहे. समोर उभे असलेले एकच झाड ओळखणे अवघड आहे. आजचे आमचे सांगणे एवढेच आहे; बाकी सगळा त्याचा विस्तार.

श्रीलंका हा लहान देश आहे. क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास एक पंचमांश. विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे थंडी अशी नाहीच. फक्त मधल्या डोंगराळ भागात स्वेटर लागतो. नैऋत्येच्या बाजूला पाऊस भरपूर आणि वर्षाचा बराचसा काळ. या भागाला ओला पट्टा म्हणतात. उत्तर आणि पूर्वेकडचा मोठा भाग कोरडा पट्टा. तिथे मुख्य पाऊस हिवाळ्याच्या तोंडावर येतो आणि मग कित्येक महिने रान वाळून जाते. मध्ये दोन हजार मीटरपेक्षा उंच डोंगर. एवढ्याशा भूमीत इतके निरनिराळे हवामान असल्यामुळे जीवांचे प्रकारही तितकेच निरनिराळे झाले.

फुले येणाऱ्या वनस्पतींच्या तीन हजारांच्या आसपास स्थानिक जाती तिथे आहेत, आणि त्यांपैकी चौथाईहून अधिक जाती जगात दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. तीसहून अधिक पक्षी फक्त तिथलेच आहेत. बेडकांच्या शंभरावर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक फक्त त्याच बेटावर आढळतात. आंबासुद्धा पाहा. आपण खातो तो आंबा तिथे आहेच, परंतु त्या बेटाचा स्वतःचा एक रानआंबाही आहे. सिंहली लोक त्याला एतंबा म्हणतात. तो इतरत्र कुठेही आपसूक उगवत नाही.

विद्यार्थी मित्रांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जीवशास्त्रज्ञ आपला सह्याद्री आणि श्रीलंका यांना एकत्र धरून जैवविविधतेचा एकच समृद्ध प्रदेश मानतात. पूर्वी समुद्राची पातळी खाली होती तेव्हा भारत आणि श्रीलंका जमिनीने जोडलेले होते. त्यामुळे तिथल्या रानात आपल्याला भाऊबंद भेटतात. आपल्या भीमाशंकरच्या शेकरूचा करडा चुलतभाऊ तिथे फांद्यांवरून उड्या मारतो. रानकोंबडा आहे, पण त्याच्या तांबड्या तुऱ्याच्या मध्ये पिवळा पट्टा असतो. तो त्यांचा राष्ट्रीय पक्षी. बिबट्या आहे आणि तो तिथे निर्धास्तपणे उघड्यावर बसतो, कारण त्या बेटावर वाघ नाही आणि सिंहही नाही. झेंड्यावर मात्र सिंह आहे. रानात नसलेला प्राणी झेंड्यावर असतो आणि रानात असलेला पुष्कळदा कुणाच्या ध्यानीमनी नसतो. ही गोष्ट श्रीलंकेपुरतीच खरी आहे असे नाही.

आता आमची फजिती सांगतो. एका विहाराच्या आवारात एक उंच झाड होते. बुंध्यालाच लोंबणारे फुलांचे घोस आणि तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळे. फुलाच्या मधोमध स्तूपासारखा उंचवटा आणि त्यावर नागाच्या फणीसारखे छत्र. लोक भक्तिभावाने ती फुले वेचून बुद्धापुढे ठेवीत होते. आम्ही विचारले, तर उत्तर आले, हा साल वृक्ष. झाले! तथागतांचे महापरिनिर्वाण जोड सालवृक्षांखाली झाले हे आपण सर्व जाणतो. आमच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही वंदन केले, दोन पाकळ्या डायरीत ठेवल्या आणि सर्वांना बोलावून तिथेच पाच मिनिटांचे व्याख्यान दिले.

दोन दिवसांनी सिंहराजच्या जंगलात आम्हांला वाट दाखवायला जो तरुण आला, त्याला आम्ही कौतुकाने ती पाकळी दाखविली. त्याने नम्रपणे, पण स्पष्ट सांगितले की हा साल नव्हे. हे झाड दक्षिण अमेरिकेतले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या काळात ते पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानात आले आणि फुलाच्या आकारामुळे विहाराविहारांत पोहोचले. आपल्याकडे याच झाडाला कैलासपती म्हणतात आणि याच फुलात लोकांना शिवलिंग दिसते. फूल एकच, पाहणाऱ्याला जे हवे ते त्यात दिसते.

बँकेत आम्हांला पहिल्या आठवड्यात एक धडा मिळाला होता. चेकवर नाव बरोबर आहे म्हणून पैसे द्यायचे नसतात. सही जुळवून पाहायची असते. झाडाच्या बाबतीत आम्ही नुसते नाव पाहिले, सही पाहिली नाही.

तो तरुण आम्हांला रानात आत घेऊन गेला. सिंहराज म्हणजे ओल्या पट्ट्यातले सदाहरित अरण्य. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. पायांना जळवा लागत होत्या. अहिंसेचे व्रत तिथे खरे कसाला लागते! उंच सरळ खोडांच्या एका झाडापाशी तो थांबला. याला दून म्हणतात, तो म्हणाला, आणि ते पलीकडचे बेरलिया. ही दोन्ही झाडे खऱ्या सालवृक्षाच्या कुळातली, त्याचे अगदी जवळचे नातेवाईक, आणि याच बेटावर जन्मलेली. बेरलियाच्या बिया गावचे लोक शिजवून खात आले आहेत. सिंहराजमधली साठ टक्क्यांहून अधिक झाडे अशी फक्त श्रीलंकेतलीच आहेत.

मग त्याने जे सांगितले ते ऐकून आमचे पाय जड झाले. १९७० नंतरच्या दशकात हेच रान प्लायवूडसाठी यंत्रांनी तोडले जात होते. रस्ते पाडले गेले आणि ओंडके बाहेर नेले गेले. म्हणजे विहारात परदेशी झाडाला साल समजून फुले वाहिली जात होती, त्याच वर्षांत सालाचे खरे आप्त करवतीखाली जात होते! नाव पूजिले जात होते, पण झाड मात्र पडत होते. सुदैवाने तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी आवाज उठविला. १९७७ मध्ये तोड थांबली आणि १९८८ साली सिंहराजला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ज्यांनी आवाज उठविला त्यांना दून आणि बेरलिया ओळखता येत होते. ओळखत नसते तर काय वाचवायचे हेच त्यांना कळले नसते.

याच रानात आम्ही पक्ष्यांची दिंडी पाहिली. दुसरा शब्द आम्हांला सुचत नाही. बराच वेळ सगळे शांत असते आणि मग एकाएकी झाडे बोलू लागतात. पुढे तांबूस चोचीचे सातभाई कलकल करीत येतात, त्यांच्याबरोबर भृंगराजाच्या जातीचा काळा कोतवाल असतो आणि मागे नाना रंगांचे पक्षी. तिथे अनेक वर्षे अभ्यास झाला आहे. अशा एका थव्यात सरासरी दहा-बारा जातींचे चाळीसच्या आसपास पक्षी असतात. सातभाई पानापानांत खाद्य शोधतात, त्यामुळे किडे उडतात. ते इतरांना मिळतात. कोतवाल शत्रू दिसताच इशारा देतो. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या बोलीची नक्कलही करतो. कुणी कुणावर उपकार करीत नाही, पण एकामुळे दुसऱ्याचे चालते. प्रतीत्यसमुत्पाद आम्ही पुस्तकातून पाठ केला होता. हे असल्यामुळे ते आहे, हे डोळ्यांनी पाहिले ते त्या दिवशी.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. दीपाल वाराकागोडा नावाचे श्रीलंकेचे पक्षिअभ्यासक आहेत. १९९५ साली त्यांनी ओल्या पट्ट्यातल्या रानात रात्री एक मृदू हाक ऐकली. ती त्यांच्या ओळखीच्या कोणत्याही पक्ष्याची नव्हती. इतर कुणी असते तर म्हणाले असते, असेल काहीतरी. ते ऐकत राहिले. सहा वर्षांनी, २००१ च्या जानेवारीत, त्यांना तो पक्षी दिसला. तांबूस रंगाचे, ओंजळीत मावेल एवढे घुबड. विज्ञानाला ते ठाऊकच नव्हते. २००४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. १८६८ नंतर त्या बेटावर सापडलेला हा पहिलाच नवा पक्षी. एवढी वर्षे तो तिथेच ओरडत होता. ऐकून वेगळेपणा ओळखणारा कान तेवढा नव्हता.

आता डोंगरांकडे येऊ. नुवारा एलियाकडे जाताना चहाचे मळे दिसतात आणि सगळे म्हणतात, वा, किती हिरवेगार! आम्हीही म्हणालो. परंतु हा हिरवा रंग फसवा आहे. १८३० नंतर इंग्रजांनी हे डोंगर कॉफीसाठी उघडे केले. मैलोगणती जुने अरण्य तोडून जाळले. १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत सगळी कॉफी गेली. मग त्याच उघड्या जमिनीवर चहा आला. या मळ्यांसाठी दक्षिण भारतातून तमिळ मजूर आणले गेले. त्यांतले कित्येक वाटेत आणि वस्त्यांमध्ये मेले. जे जगले ते खोपट्यांच्या रांगांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि त्यांत आपल्यासारख्या दलित जातींचे लोक फार मोठ्या संख्येने होते. रान तोडणारा हात आणि माणसाला राबविणारा हात पुष्कळदा एकच असतो, हे आपण विसरू नये.

त्या काळी हत्ती मारणे हा साहेबांचा खेळ होता. मेजर रॉजर्स नावाच्या एकाच अधिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारल्याची नोंद आहे. १८४५ साली हपुतळे येथे अंगावर वीज पडून तो गेला. लोक म्हणतात पाप फळले. आम्ही तसे म्हणणार नाही. वीज कुणावरही पडते. पण एका माणसाच्या हौसेपायी हजार हत्ती गेले, हा हिशेब मात्र कुठल्याही खात्यात जुळत नाही.

याच्या उलट चित्र कोरड्या पट्ट्यात दिसते. तिथे जुन्या राजांनी हजारो तलाव बांधले. मिन्नेरियाचा तलाव राजा महासेन याने तिसऱ्या शतकात बांधला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी ओसरते, काठाला कोवळे गवत येते आणि चोहोबाजूंच्या रानातून हत्ती तिथे जमतात. आम्ही संध्याकाळी उभे होतो तेव्हा मोजता मोजता शंभराच्या पुढे गेलो आणि मोजणे सोडून दिले. आयांच्या पायांमधून पिल्ले चालत होती. माणसाने शेतीसाठी बांधलेल्या पाण्यावर सतराशे वर्षांनी हत्ती जगत आहेत!

गावतलावांची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखलेला असतो, त्याला गस्गोम्मन म्हणतात. तो वारा अडवतो, त्यामुळे पाण्याची वाफ कमी होते. बांधाच्या खाली दुसरा पट्टा असतो, त्याला कट्टकडुव म्हणतात. पाझरणाऱ्या पाण्यातला क्षार तिथली झाडे थोपवतात आणि शेत वाचते. ही सगळी झाडे तिथलीच, दुष्काळ आणि पूर दोन्ही सोसणारी.

मिन्नेरियाहून परतताना अशाच एका गावतलावापाशी आमची गाडी चहासाठी थांबली. तिथे एक म्हातारे शेतकरी झाडे दाखवीत होते. कुंबुक, म्हणजे आपला अर्जुन. मी, म्हणजे आपला मोह. मग एका पसरलेल्या झाडाला हात लावून ते म्हणाले, करंद. आम्ही पाने पाहिली, शेंगा पाहिल्या. तो करंज होता. आम्ही काही बोललो नाही. आमच्या शेजारी उभे असलेले आपले खजिनदारही बोलले नाहीत. आम्हां दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती. ती पुढे सांगतो.

तेथील सगळेच चांगले आहे असे आम्ही म्हणत नाही. २०११ च्या गणनेत श्रीलंकेत ५,८७९ हत्ती मोजले गेले. त्यांच्या जुन्या वाटांवर शेते आली, वस्त्या आल्या. २०१९ या एका वर्षात माणूस आणि हत्ती यांच्या झगड्यात चारशेहून अधिक हत्ती आणि शंभराहून अधिक माणसे मेली. मरणारी माणसे बंगल्यात राहणारी नसतात. ती रात्री मचाणावर जागणारी गरीब शेतकरी माणसे असतात. म्हणून आधी माणूस की आधी हत्ती, असा वाद शहरात बसून घालणे सोपे असते. गाव आणि पेरलेले शेत यांभोवती कुंपण घालावे, हत्तींची वाट मोकळी ठेवावी, असे तिथले जाणकार सांगतात; आणि जिथे गावकऱ्यांनी ते हाती घेतले तिथे नुकसान कमी झाल्याचा अनुभव आहे. दोघांनाही जगू देणारा मार्ग शोधावा लागतो. मध्यममार्ग म्हणतात तो हाच असावा.

शेवटचे उदाहरण एकाच झाडाचे. क्रुडिया झेलॅनिका हे त्याचे शास्त्रीय नाव. शेंगा धरणाऱ्या कुळातले साधे झाड. २०१२ च्या अधिकृत यादीत ही जात नामशेष म्हणून नोंदली गेली होती. २०१९ साली गंपहा जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला एक झाड जिवंत सापडले. त्या वेळी माहीत असलेले ते जगातले एकमेव झाड! आणि ते नेमके नव्या महामार्गाच्या आखणीत येत होते. २०२१ च्या फेब्रुवारीत ते तोडण्याची तयारी झाली तेव्हा गावकरी आणि भिक्खू यांनी विरोध केला, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला आणि तोड थांबली. धम्मबंधूंनो, महेंद्र थेरांचे कोडे इथे अक्षरशः खरे झाले. सगळी झाडे सोडली तर कोणते उरते? हेच, समोरचे. आणि या वेळी राजा नव्हे, गावच्या लोकांनी बरोबर उत्तर दिले.

आता करंजाकडे येतो. आपल्या विहाराच्या आवारात पूर्वी एक जुना करंज होता. ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. संस्थेच्या पहिल्या सभा त्याच्याच सावलीत झाल्या, कारण तेव्हा छप्पर नव्हते. सहा वर्षांपूर्वी फरशी बसवायची ठरली, मुळे फरशी उचलतील असे कुणी म्हटले आणि आपण तो तोडला. त्याजागी भिंतीलगत अशोकाची रांग लावली. त्या प्रसंगी भाषण आम्हीच केले होते. सम्राट अशोकाच्या नावाचा वृक्ष आपल्या अंगणात उभा राहत आहे, असे आम्ही म्हणालो आणि आपण टाळ्या वाजविल्या. करंज तोडण्याच्या ठरावाला अनुमोदनही आमचेच होते. इतिवृत्तात आमची सही आहे.

श्रीलंकेहून आल्यावर आम्ही चौकशी केली. आपण लावलेला तो उंच, खांबासारखा वृक्ष खरा अशोक नव्हेच. तो दक्षिण भारत आणि श्रीलंका इथला दुसराच वृक्ष. लोक त्याला केवळ नावाने अशोक म्हणतात. खरा तो सीताअशोक, केशरी-लाल फुलांचा, दाट सावलीचा. तो सह्याद्रीत उगवतो आणि श्रीलंकेतही. सिंहली लोक त्याला दियरत्मल म्हणतात. सालीच्या औषधासाठी इतका तोडला गेला की आता रानात दुर्मीळ झाला आहे. म्हणजे परदेशात ज्या चुकीला आम्ही हसलो, ती आपल्या अंगणात आम्ही आधीच केली होती. तिथे सालाची आणि इथे अशोकाची.

आमची आई निरक्षर होती. लाकूडफाटा आणायला ती रानात जायची तेव्हा लहानपणी आम्हीही मागे जात असू. खैर, धावडा, पळस, मोह, करंज, ऐन. प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाचा उपयोग तिला ठाऊक होता. कोणती फांदी वाळली आहे आणि कोणती ओली म्हणून तोडायची नाही, हेही. त्या मोळीचे ओझे तिच्या डोक्यावर होते आणि आम्हांला त्या मोळीची लाज वाटत असे. बाबासाहेबांनी आम्हांला शिकायला सांगितले, आम्ही शिकलो, मोळी सुटली. ते योग्यच झाले. ती पुन्हा कुणाच्या डोक्यावर येऊ नये. परंतु मोळीबरोबर झाडांची नावेही आम्ही खाली टाकली. ती टाकायला बाबासाहेबांनी सांगितले नव्हते. आई गेली आणि तिच्याबरोबर ते ज्ञान गेले. आमच्या मुलीने मागच्या महिन्यात रस्त्याकडेच्या एका झाडाचे नाव विचारले, तेव्हा बी. ए. झालेल्या आम्हांला ते सांगता आले नाही.

पुढच्या रविवारी आपली सर्वसाधारण सभा आहे. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात उंबर आहे. तिथे स्वयंपाकाची शेड बांधण्याचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर आहे. शेड हवीच. कार्यक्रमाच्या दिवशी आपल्या बहिणी पावसात चुली पेटवतात, हे आम्ही पाहतो. पण ती आठ फूट अलीकडे सरकविता येते. आम्ही टेप लावून मोजले आहे. त्या उंबरावर सकाळी हरोळ्या, बुलबुल, तांबट येतात आणि रात्री वटवाघळे. त्याचे फळ वर्षातून अनेकदा येते, आणि दुसरे काही नसते तेव्हा पाखरांना त्याचाच आधार असतो. सभेत आम्ही या प्रस्तावात दुरुस्ती मांडणार आहोत. मागच्या वेळी अनुमोदन देताना आम्ही झाड ओळखीत नव्हतो. या वेळी ओळखतो.

आणखी दोन लहान सूचना आहेत. भिंतीलगतची रांग तोडावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चूक आमची, झाडांची नव्हे. मात्र पुढच्या पावसाळ्यात फाटकाशी एक करंज आणि एक सीताअशोक लावावा, आणि प्रत्येक झाडाला त्याच्या खऱ्या नावाची पाटी असावी. दुसरे, विद्यार्थ्यांनी एक वही करावी. वर्षभरात दहा झाडे आणि दहा पक्षी आपल्याच वस्तीतले ओळखावेत, आणि त्यांची नावे घरातल्या आजी-आजोबांना विचारून लिहावीत. आजी सांगेल ते नाव पुस्तकात नसेल तर तेही लिहावे. पुढच्या वर्षावासात त्या वह्या आपण इथेच पाहू.

मैत्री सर्व प्राणिमात्रांवर करावी असे आपण रोज म्हणतो. सर्व म्हणणे सोपे आहे. मिहिंतलेच्या डोंगरावर थेरांनी राजाला सर्वांपासून हळूहळू एकापर्यंत आणले. आपल्या अंगणात तो एक म्हणजे कोपऱ्यातला उंबर आहे. आज घरी जाताना प्रत्येकाने क्षणभर त्याच्यापाशी थांबावे, वर पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम.